जोशीकाकूंची पुस्तकं कोणाकडे आहेत?

१. जोशीकाकू गेल्या महिन्यात गेल्या.
२. त्यांनी वाचायला दिलेलं पुस्तक आज वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या घरी जाऊन काकांना परत केलं.
३. त्याआधी समासातला पेन्सिलचा सगळा मजकूर मी खोडरबराने पुसला होता. तो काकूंचा आहे, हे मला माहीत नव्हतं.

काकांनी उभ्यानेच पानं उलटली. "हिचं अक्षर कुठंय, बेटा?"

मी खरं ते सांगितलं.

"अच्छा. डबा घासून द्यावा तसं पुस्तक घासून दिलंस," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

आपल्या ग्रुपमध्ये काकूंची आणखी पुस्तकं फिरताहेत. त्यांतलं काही पुसू नका. सध्या कोण कोणतं वाचतंय, ते रविवारपर्यंत इथे कळवा.