मोटारबाई आणि पितळेची झडप

धारमध्ये इतर बायका कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचत. मोटारबाई पाना खोचत. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पदर उडू नये म्हणून टाचणी, आणि कमरेला तो लोखंडी पाना. देवळात जाताना तेवढा काढून ठेवत. घरी आल्या की आधी तो खोचत, मग पाणी पीत.

मोटारबाई हे नाव गावानं पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर आम्ही त्यांना काकी म्हणायचो. त्यांचे यजमान संस्थानच्या मोटारखान्यावरचे अधिकारी. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला आणि एक जुनी मोटार त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. वर्षाच्या आत यजमान गेले. विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. काकी म्हणाल्या, "आधी पाहू, मग बोलू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहता पाहता त्या मोटार चालवायला शिकल्या, मग खोलायला शिकल्या, आणि विकण्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

उंचीनं बेताच्या असल्यामुळे त्या बैठकीवर जेवणाचा पाट ठेवून त्यावर बसत. समोरून पाहणाऱ्याला स्टिअरिंगच्या चाकाच्या वर फक्त पदर आणि दोन डोळे दिसत. बाजारातली माणसं बाजूला होत ती आदरानं की धास्तीनं, हे मला कधी कळलं नाही. काकींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजूला होतात ना? मग झालं."

माझं घर या घराच्या अगदी विरुद्ध टोकाचं. माझे वडील छापखानेवाले. संस्थानी राजवटीविरुद्धची पत्रकं आमच्याकडे छापली जात. लहानपणी मी त्यांच्या गठ्ठ्यांवर झोपले, आणि अक्षरं शिकले तीही त्यांच्यावरूनच. वडील गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले: मुलींच्या शिक्षणावर, हुंड्यावर, गावच्या पुढाऱ्यांवर. पोरगी फार तापट आहे, असं आमच्या नात्यात एकमतानं ठरलं होतं. काकींनी मात्र मला कधी शांत हो म्हटलं नाही. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या पत्रकात आमच्या मोटारखान्याच्या पेट्रोलचा हिशेब आला होता. ह्यांना फार लागलं ते. दोन दिवस जेवले नाहीत." मग त्या म्हणाल्या, "हिशेब बरोबर होता."

देवासला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाच्या वर्गात मला जागा मिळाली, तेव्हा मी माझ्या सख्ख्या काकांच्या, बाबांच्या भावाच्या घरी राहत होते. सोमवारी दुपारी बाराच्या आत जातीनं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. काका म्हणाले, "परक्या माणसांत बसून एकटीनं जायचं नाही. ओळखीचं, वडीलधारं कुणी दारातून दारात पोचवणार असेल, तर जा." असं कुणी मिळणार नाही याची त्यांना खात्री होती. काकींचं नाव त्यांच्या मनात आलंच असेल. पण शनिवारीच मांडवगडहून येताना काकींची मोटार वाफा सोडत रस्त्यात बसली होती, आणि बैलजोडी लावून ओढत आणलेली ती काकांनी आमच्या ओट्यावरून पाहिली होती.

मी रविवारी सकाळी धावत गेले. बाजारातला मिस्त्री बॉनेट उघडून उभा होता. इंजिन आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक छोटी पितळेची झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली राहते. आतलं पाणी पुरेसं तापलं की उघडते आणि ते पाणी टाकीकडे गार व्हायला सोडते. काकींची झडप मिटलेलीच अडकून बसली होती.

"निकाल के फेंक दो, बाईसाब," मिस्त्री म्हणाला. "मालवे की गरमी में इसको कौन लगाता है? मैं तो सबकी निकाल देता हूँ."

"मागच्या थंडीत ऐकलं होतं तुझं, भिया," काकी म्हणाल्या. "काढून टाकली. मग काय झालं? पहाटे निघालं की गाडी बारा वाजेपर्यंत खोकायची. चढ आला की बंद. शेवटी परत बसवली. आणि आम्हाला तर बाराच्या आत देवासला पोचायचंय."

"आम्हाला" म्हणाल्या त्या. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. काकांची अट गल्लीतून माझ्या आधी तिथे पोचली होती.

महूच्या छावणीतल्या लष्करी लिलावाच्या मालातून काकींनी दोन झडपा आणून ठेवलेल्या होत्या. त्या चालतात की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मिस्त्री डोकं हलवत निघून गेला आणि काकी पातेलं घेऊन चुलीपाशी बसल्या. पाण्यात झडप दोऱ्यानं टांगायची आणि पाणी तापवायचं; उघडली तर चांगली. त्यांच्या नणंदबाई माजघरातून आल्या.

"वहिनी, दुधाच्या पातेल्यात मोटारीचं लोखंड?"

"पितळ आहे हो, वन्सं. चिंचेनं घासून घेतलंय."

"उद्या चहाला तेलाचा वास आला म्हणजे?"

"तर तुम्ही सकाळपासून चार वेळा चहा मागणार नाही. बरंच होईल."

पाणी उकळ्या फोडू लागलं तरी पहिली झडप मिटलेलीच. काकींनी ती बाजूला ठेवली, पातेल्यात गार पाणी ओतलं आणि दुसरी टांगली. आम्ही तिघी चुलीवर ओणवून पाहत होतो. पाण्यावर वाफ धरली, आणि झडपेचं तोंड हळूच, अगदी केसाएवढं उघडलं; मग आणखी, मग पूर्ण.

"अगंबाई," वन्सं म्हणाल्या, "जिवंत आहे की!"

पुढचं काम अंगणात. काकींनी टाकीतलं थोडं पाणी खाली काढलं, वरची रबरी नळी सैल केली, इंजिनावरच्या टोपणाचे बोल्ट काढले. जुनी झडप निघाली, कळकून हिरवी झालेली. टोपणाखाली बसवायचा जाड कागदाचा वॉशर फाटला. आता नवा कापायला हवा. मी पिशवीतून माझी पत्रकं काढली.

"एवढ्या पातळ कागदानं पाणी थांबत नाही, बेटा," काकी म्हणाल्या. आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. हातात दसऱ्याच्या दरबाराचं निमंत्रण होतं: सोनेरी कडेचं, पुठ्ठ्यासारखं जाड, वर यजमानांचं नाव. माझ्यातली पत्रकवाली गप्प बसेना. "संस्थानाचा हा पहिलाच उपयोग," मी म्हटलं.

काकींनी कात्री माझ्या हातात दिली. "नाव वगळून काप," त्या म्हणाल्या.

मी कापलं. नावाची पट्टी त्यांनी पदराला पुसून चोळीत ठेवली, आणि वॉशरला ग्रीस लावून तो बसवला. झडपेची स्प्रिंग इंजिनाकडे, बोल्ट थोडा हा, थोडा तो असे आळीपाळीनं आवळायचे. एकच आधी आवळला तर टोपण वाकडं बसतं. पाणी भरून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि माझा हात वरच्या नळीवर ठेवला. नळी गार होती. इंजिन गुरगुरत होतं, आणि नळी गारच. मग एकाएकी तळव्याखालून ऊन पाणी धावलं. मी ओरडलेच, "उघडली!"

"तापायच्या आत उघडली असती तर इंजिन कधी कामाला लागलंच नसतं," काकी म्हणाल्या.

मला लगेच त्यात अर्थ दिसू लागला. "म्हणजे काकी, माणसानंसुद्धा आधी..."

"मी गाडीबद्दल बोलतेय गं. पाना दे."

सोमवारी उजाडताच कडाक्याच्या थंडीत काकांच्या दारातून आम्ही निघालो. काका ओट्यावर मफलर गुंडाळून उभे होते. "वाटेत बसली तर?" त्यांनी विचारलं. "तर दोघी ढकलू," काकी म्हणाल्या आणि निघाल्या. घाटाबिल्लोदच्या पुढे ऊन आलं. इंदूर मागे पडलं. देवासची टेकडी दिसू लागली तेव्हा काकींनी मोटार कडेला घेतली आणि बोल्ट तपासायला मला सांगितलं. एक किंचित सैल झाला होता. मी आवळला. वॉशरमधून एक थेंबही आला नव्हता.

प्रशिक्षण वर्गाच्या फाटकाशी त्या खाली उतरल्याच नाहीत. मोटारीचे पुढचे दिवे लागत नव्हते. अंधाराच्या आत त्यांना एकटीनं धार गाठायचं होतं. एवढ्या लांबवर एकटीनं त्या तेव्हा पहिल्यांदाच जात होत्या, हे मला पुढे वन्संकडून कळलं. आभाराचं लांबलचक भाषण मी वाटेत जुळवलं होतं. त्यांनी ते सुरूच होऊ दिलं नाही. "आधी आत जाऊन नाव नोंदव. पावणेबारा झालेत."

गेल्या पौषात काकी गेल्या. मोटार कुणी नेली ते मी विचारलं नाही. आज मी शिकवते, लिहिते, भांडते. आणि माझ्या बाजूनं गर्दी उभी असते तेव्हाही मला त्या एकट्या परत निघालेल्या मोटारीचा आवाज आठवतो. आमची मतं त्यांनी कधीच मान्य केली नाहीत. तरी मला पोचवलं त्यांनीच.

त्या दिवशी मी धावत कचेरीत शिरले. कारकुनानं हजेरीपट पुढे सरकवला. मी सही केली आणि पान धरलेला हात उचलला, तर सहीशेजारी ग्रीसचा काळाकुट्ट अंगठा.

"सही येते ना तुम्हाला?" कारकून वैतागला. "मग अंगठा कशाला? आता हा खोडू कसा?"

"राहू द्या," मी म्हटलं. "तोही माझाच आहे."