पनवतीची खुर्ची

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात ओटावाच्या बेसबॉल संघाने जे विजेतेपद पटकावलं, ते पिचरमुळे नव्हे, बॅटरमुळे नव्हे, कोचमुळे तर नव्हेच नव्हे. ते माझ्यामुळे. सत्तरी ओलांडलेल्या एका सज्जन माणसाला मी स्टेडियमबाहेर घालवलं, म्हणून.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. सरकारी नोकरीतून निवृत्त, काकू गेलेल्या, मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला. मला, माझ्या बायकोला आणि युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनींना बेसबॉल शिकवला तो काकांनीच. संघ सपाटून हरायचा तेव्हाही हा माणूस एकटा जाऊन बसायचा. आम्ही यायला लागलो तसे ते घरी चकल्या तळून डबा आणायला लागले. आमच्या चार खुर्च्या ओळीने होत्या. काकांची छपराच्या सावलीत, माझी रणरणत्या उन्हात. हे लक्षात असू द्या.

जुलैत एकदा काका वॉशरूमला गेले आणि आपल्या पोरांनी लागोपाठ तीन रन काढल्या. काका परतले, खुर्चीत टेकले, आणि समोरच्या संघाच्या बॅटरने होमरन हाणला. मी उठून हात जोडले.

"काका, राग मानू नका. पण पनवती तुम्हीच."

सगळे हसले. काकाही हसले. क्रिकेट बघताना आपण हेच करत आलोय. ज्याच्या येण्याने विकेट पडली त्याला दाराबाहेर उभं करायचं. पुढच्या इनिंगला काका आपणहून जिन्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि आम्ही जिंकलो.

मी वहिनींकडे पाहिलं. "शास्त्र काय म्हणतं?"

"सॅम्पल फारच लहान आहे," त्या म्हणाल्या. मग चकली मोडत, "पण काका, पुढच्या वेळी पण तिथेच थांबा."

त्यानंतर मी सुटलोच. जिन्याजवळ उभे असताना एक सामना गेला, तेव्हा मी काकांना पार्किंग लॉटमध्ये पाठवलं. ते गाडीत बसून रेडिओवर कॉमेंट्री ऐकायचे. "स्वच्छ ऐकू येतं रे," असं मलाच समजवायचे. ते तिथे असतानाही एक सामना गेला. मी निकाल दिला की पार्किंग लॉट हासुद्धा स्टेडियमचाच भाग. आता घरी.

बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं. त्यांना दुसरं आहे काय?"

"संघ जिंकतोय ना?" मी म्हटलं. तोवर मी सावलीतल्या खुर्चीत बसायला लागलो होतो.

प्लेऑफ सुरू झाले. आम्ही जाताना काकांच्या दारावर थांबायचो. ते डबा हातात द्यायचे आणि विचारायचे, "आज येऊ का? मागे कुठेतरी बसेन." मी चेहरा पाडून म्हणायचो, "काका, शहराचा प्रश्न आहे." त्यांच्याच खुर्चीत बसून मी त्यांच्याच चकल्या खाल्ल्या. फार खुसखुशीत असायच्या.

अखेरच्या सामन्याच्या दिवशी काकांनी दारात विचारलं नाही. डबा दिला, "जिंकून या" म्हणाले.

आणि जिंकलो! खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळले, लोक नाचले, मी एका अनोळखी बाईला मिठी मारली आणि बायकोचे डोळे पाहून सोडली. गेटकडे निघालो तशी बायको म्हणाली, "थांबा, काकांना कळवू द्या." तिने फोन लावला.

आमच्या मागे, दहा पावलांवर, देवळातली घंटा घणघणली. काकांची रिंगटोन. कमी ऐकू येत असल्याने आवाज पुरा वाढवलेला.

गर्दीत काका उभे होते. काळा चष्मा, कानांपर्यंत ओढलेली टोपी, उन्हाने भाजून लाल झालेलं नाक. चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले.

"त्या टोकाला बसलो होतो," मैदानाच्या पार पलीकडच्या, बिनछपराच्या बाकांकडे त्यांनी बोट केलं. "तुमच्या नजरेला पडू नये म्हणून."

"सगळा सामना पाहिलात?" बायकोने विचारलं.

"पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत." आणि मग त्यांच्या एकदम लक्षात आलं. चेहरा उजळला. त्यांनी माझा हात धरला. "म्हणजे मी होतो आणि आपण जिंकलो! म्हणजे मी पनवती नाही रे! पुढच्या सीझनला बसू ना तुमच्यात?"

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वहिनी मात्र त्या लांबच्या बाकांकडे एकटक बघत होत्या. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"सॅम्पल लहान आहे, पण काका, उगाच रिस्क कशाला? पुढच्या वर्षीही तिथेच बसा ना, एकटेच!"