गोळीचा ओव्हरटाइम

माझ्या वडिलांचं हृदय मोठं झालंय, असं आमच्या अंबरनाथच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई चक्क हसली. "ते पहिल्यापासूनच मोठं आहे, म्हणून तर गावाकडचं कोणी ना कोणी कायम आमच्या खोलीत पडलेलं असतं," असं ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. हृदय मोठं होणं म्हणजे ते सैल पडणं, रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी होणं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. बाबांचे पाय सुजत होते, जिना चढला की धाप लागत होती, ती त्यामुळेच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी उल्हासनगरला कॉलेजात जात होते, आणि हार्ट फेल्युअर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दोन गोळ्या मिळाल्या. एक सूज उतरवणारी आणि दुसरी, बारीक पांढरी, हृदयाला जोर देणारी. ही दुसरी आठवड्यातले पाच दिवस घ्यायची आणि दोन दिवस बंद ठेवायची. ती अंगात साठते, म्हणून तेव्हाचे बरेच डॉक्टर ती अशीच द्यायचे. बाबांना हा भाग फार आवडला.

"बघ, गोळीला पण वीकली ऑफ आहे," ते मला म्हणाले. "आपल्यापेक्षा बरी. आपल्याला एकच."

बाबा रंगाच्या कारखान्यात होते, शेड मॅचिंगला. कापडाचा तुकडा नव्या रंगात बुडवून वाळवायचा, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी धरायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. आवारात ड्रम ढकलणारा हा माणूस शेडच्या खोलीपर्यंत पोचला होता तो केवळ डोळ्यांच्या जोरावर. ती खोली गेली की पुन्हा ड्रम, आणि ड्रम आता त्यांच्या हृदयाला झेपणार नव्हते. त्यामुळे आजाराबद्दल कंपनीत चकार शब्द जाता कामा नये, अशी घरात सगळ्यांना तंबी होती. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या डोळ्यांचा नुसता आधार नव्हता, चांगला माज होता. लग्नसराईत चाळीतल्या बायका साडी घेऊन आमच्या दारात यायच्या आणि बाबा उल्हासनगरच्या बाजारातून तिला बरोब्बर मॅचिंग ब्लाउजपीस आणायचे. साडी सोबत न्यायचेसुद्धा नाहीत. एकदा बघितलेला रंग त्यांच्या डोळ्यांत राहायचा.

पहिला घोटाळा तिथेच झाला. शेजारच्या काकूंच्या मुलीच्या निळ्या साडीला त्यांनी हिरवट ब्लाउजपीस आणला.

"भाऊजी, गरिबाची चेष्टा करता का?" काकू म्हणाल्या.

बाबांनी तो तुकडा दारात उन्हाला धरला, उलटासुलटा केला. "बरोबर तर आहे," ते म्हणाले. चाळ हसली, मीही हसले. बाबांनी त्या दिवसापासून मॅचिंग आणणं बंद केलं.

मग जेवण कमी झालं, मळमळायला लागलं. एके दिवशी ताटाकडे बघून त्यांनी आईला विचारलं, "भातात हळद कशाला घातलीस?" भात पांढरा होता. भिंत, दूध, माझी ओढणी, सगळंच त्यांना पिवळं दिसत होतं. आईने निदान तिथल्या तिथे केलं. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, ही म्हण तिला पाठ होती, मला पाठ होती, अख्ख्या चाळीला पाठ होती. अन्नावरची वासना उडालेली, त्यात पिवळं दिसतंय, आणखी काय पुरावा हवा? ज्याने ही म्हण केली त्याला स्वतःला कधी कावीळ झाली नसणार, एवढं मी आज छातीठोक सांगते. काविळीत डोळे पिवळे होतात, जग नाही.

आमचं घर बौद्ध. अंगारे, गंडे, नवस हे सगळं आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच घराबाहेर टाकलं होतं, आणि बाबा त्या बाबतीत फार कडक. पण बदलापूरच्या पुढच्या एका गावात एक म्हातारी काविळीवर माळ द्यायची, ती झाडाच्या मुळ्यांची. मंत्र नाही, पूजा नाही, मग यात कसली अंधश्रद्धा, हा तर झाडपाला, अशी आम्ही सगळ्यांनी आपली समजूत घालून घेतली. माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात येते, मग पोटावर, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते म्हणे. माळ उतरली. मुळ्या सुकल्या की दोरा सैल होतो, खांबाला घातली असती तरी ती उतरलीच असती. बाबांना जग पिवळंच दिसत राहिलं.

मी वैतागले आणि त्यांना उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने पापणी ओढून बॅटरी मारली.

"काका, ये आंखें तो दूध जैसी सफेद हैं. कावीळ कुठाय?"

"मग पिवळं का दिसतं?" मी विचारलं.

"पहले ये बताओ, गोळी कौनसी खाते हो?"

मीच सांगितलं. हृदयाची, पाच दिवस एकेक, दोन दिवस सुट्टी. बाबा खाली बघून म्हणाले, "आणि डबल ड्युटी असली की दोन."

"दो?" डॉक्टरने विचारलं.

"सुट्टीला कामावर बोलावलं तर त्या दिवशी पण घेतो," बाबा आम्हाला समजावू लागले. "हृदयाला जोर देती ना ती? आपण डबल काम करणार तर त्याला पण डबल लागणार. पुढच्या पाळीचा आमचा रिलिव्हर आजारी आहे, किती दिवस झाले, आलाच नाही."

ज्या गोळीला वीकली ऑफ असतो तिला ओव्हरटाइमही असणार, असं त्यांनी धरलं होतं. कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्या डॉक्टरने बॅटरी खाली ठेवली आणि त्यांचं मनगट धरलं. नाडी फार सावकाश चालत होती. गोळी बंद करा आणि इथूनच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं त्याने मला सांगितलं.

मुंबईला त्यांना वॉर्डात ठेवलं. गोळीचं विष अंगातून हळूहळू उतरत गेलं तसं पिवळं फिकं झालं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई हृदयाच्या औषधांनी डोळ्यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होत्या. जग एवढं पिवळं दिसणारा पेशंट त्यांनी पुस्तकातच वाचला होता. बाबा त्यांची दुर्मिळ केस झाले. विद्यार्थ्यांचा घोळका खाटेभोवती जमायचा आणि बाबा ताठ बसून उत्तरं द्यायचे. मग बाईंनी एक पेटी आणली. तिच्यात छोट्या छोट्या रंगीत चकत्या होत्या, प्रत्येकीची शेड शेजारणीपेक्षा केसभर वेगळी. त्या क्रमाने लावायच्या. हे तर बाबांचं रोजचं काम. पण निळ्या-हिरव्यापाशी त्यांचा हात अडकला. एक चकती उचलायचे, ठेवायचे, परत उचलायचे. मी त्यांना धाप लागलेली पाहिली होती, पण इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

घरी सोडताना बाईंनी बजावलं, "काका, आता फक्त अर्धी गोळी, पण ती सोडायची नाही. हृदयाला तिची गरज आहे. एवढ्याने डोळ्यांना बहुतेक काही होणार नाही." बाबांनी त्यातलं 'बहुतेक' तेवढं मनात धरलं. अर्ध्या गोळीवर रंग शाबूत राहतात का, हेच बाईंना बघायचं होतं, म्हणून दर महिन्याला त्या पेटीसमोर बसायला बोलावलं होतं.

दर खेपेला चुका कमी होत गेल्या. कंपनीत कावीळ झाली होती असं सांगून बाबा पुन्हा शेडच्या खोलीत जाऊन बसले. पुन्हा मॅचिंगही आणू लागले. काकूंच्या धाकट्या सुनेला त्यांनी मोतिया साडीवर असा ब्लाउजपीस आणला की काकूंनी मागचं सगळं माफ केलं. घरात आम्ही सगळे खुशीत होतो. हृदयाच्या ओपीडीत मात्र रांग फार आहे, पुढच्या वेळी दाखवू, असं ते दर वेळी म्हणायचे. आणि मग एका खेपेला सगळ्या चकत्या जिथल्या तिथे लागल्या. बाईंनी टाळी वाजवली, बाजूच्या खोलीतल्या डॉक्टरांना हाक मारली, बाबांना स्वतःच्या कपातून चहा दिला. येताना बाबा वाटभर तेच सांगत होते. अंबरनाथच्या पुलावर कठड्याला धरून ते थांबले. "चल पुढं, येतो," म्हणाले. उन्हाळा असून त्यांनी बूट घातले होते, नाड्या सैल सोडून. त्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यांनी त्यांचे डोळे बघितले, पाय कोणीच बघितले नाहीत.

थोड्याच दिवसांत त्यांना आडवं पडता येईना. पडलं की जीव घुसमटायचा. फॅमिली डॉक्टर घरी आले, त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"अर्धी गोळी चालू आहे ना?"

"मी रोज हातात देते," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "मुंबईहून आल्यापासून घेत नव्हतो," ते म्हणाले. "ती घेऊन त्या पेटीपुढं बसलो असतो आणि चुकलो असतो तर?"

मला असा संताप आला की मी आजाऱ्यावर ओरडले. जीव राहिला तर रंग ना, म्हटलं. त्यांनी धापा टाकत उत्तर दिलं, "ड्रम ढकलून पण जीवच गेला असता, बाय." तो आठवडा संपायच्या आत उल्हासनगरच्या दवाखान्यात ते वारले.

नंतर मी बाईंना सांगायला मुंबईला गेले. गोळी कधी बंद केली, का बंद केली, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि झाकणावरून हात फिरवला.

"मग त्यांचे रिझल्ट मला अभ्यासातून काढावे लागतील," त्या हळूच म्हणाल्या. "गोळी चालू नसताना दिलेली टेस्ट धरता येत नाही."

"शेवटचीसुद्धा?"

"शेवटचीसुद्धा."

मी उठले, आणि दाराशी जाऊन परत वळले. "पण त्या दिवशी रंग सगळे बरोबर लावले होते ना त्यांनी?"

"सगळे," बाई म्हणाल्या.