इन्व्हर्टरचं मखर

शेजारच्या बंगल्यावर आणि आमच्या बैठ्या घरावर सोलर एकाच आठवड्यात बसलं. पॅनल सारखे, ऊन तर सगळ्या मानपाड्याला एकच. फरक फक्त इन्व्हर्टरचा. पॅनलची वीज घरात चालेल अशी करताना हा डबा थोडी वीज स्वतःच गिळतो आणि तापतो. शेजाऱ्यांनी कमी गिळणारा, महागडा घेतला. मी हिशेब मांडला: जादा पैसे वसूल व्हायला इतकी वर्षं लागणार की तोवर मीच नसेन. स्वस्तातला घेतला.

शेजाऱ्यांचं बिल मला दर महिन्याला ऐकावं लागेल, हे हिशेबात धरलं नव्हतं.

शेजारी इथले मूळचे. आमची वसाहत त्यांच्याच भातखाचरांवर उभी असल्यामुळे ते आम्हाला अजून पाहुण्यांसारखं वागवतात. सोलरचं उद्घाटन त्यांनी फीत कापून केलं. बॅनरवर पॅनल होते, पण त्यांच्या स्वतःच्या फोटोच्या मागे.

"काका, बिल शून्याजवळ आलं. तुमचं?" कुंपणावरून प्रश्न.

"येतंय हळूहळू."

दिवसभरात किती युनिट झाली, ते शेजारी रोज संध्याकाळी मोबाइलच्या स्टेटसला टाकत. मी रोज बघायचो. आकडा कायम माझ्यापेक्षा थोडा जास्त. फार असता तर सोसलं असतं.

मग खंडेनवमी आली. शेजाऱ्यांकडे घरातल्या यंत्रांची पूजा झाली आणि गच्चीवरच्या इन्व्हर्टरला कायमचं मखर मिळालं: कोरीव लाकूड, काचेचं दार, आत झेंडूचा हार. त्यानंतरच्या कडक उन्हात एका संध्याकाळी त्यांचा आकडा माझ्याखाली आला. दुसऱ्या दिवशीही. मी बायकोला म्हटलं, "शिरा कर."

"कशाबद्दल?"

"ऊन चांगलं पडलंय."

आता आमचा आकडा मी कुंपणावरून ऐकवायला लागलो, आणि आठवड्याभरात स्टेटस बंद झालं. पुढच्या रविवारी शेजारी स्वतःच आले. "काका, जरा वर येता? पॅनल पुसले, तरी तुमची वीज जास्ती. आपल्याला गंडवलं नाय ना?"

गच्चीवर गेलो. काचेला हात लावला आणि लगेच काढला. आत इन्व्हर्टर भाजत होता. फार तापला की तो स्वतःला वाचवायला वीजच कमी देतो.

"तुम्ही हुशार काका," ते म्हणाले. "स्वस्तात घेतला. आपण येडे, पैसे पाण्यात घातले."

हे वाक्य ऐकायला मी उन्हाळ्यापासून थांबलो होतो. आता गप्प खाली उतरायचं, एवढंच काम होतं. पण माझा हिशेब मखर करणाऱ्या सुताराच्या जिवावर खरा ठरणार, हे काही घशाखाली उतरेना.

"मखर काढा," मी म्हटलं. "त्याला वारा हवा."

"पूजेचं हाय ना काका."

"मग त्यात देव ठेवा. देवाला घाम येत नाही."

मखर निघालं. लगेच दुसऱ्या रविवारी मला बोलावणं. शाल, नारळ, पेढे, चार-दोन टाळ्या. नको नको म्हणेपर्यंत फोटो निघाला.

संध्याकाळी स्टेटस पुन्हा सुरू झालं. शाल पांघरलेला मी, आणि माझ्या पायाखाली त्यांची दिवसाची युनिट. मी आमचा आकडा उघडून पाहिला. थोडा कमी होता.