देवनहळ्ळीच्या तळ्यातले चार मरळ

कॉन्व्हेंटला निघण्याआधी अक्का, माझी मोठी बहीण, माझ्या वेण्या घालायची. मी हलले की डोक्यात फणी मारायची आणि मग रिबिनीचं फूल जरा जास्तच छान बांधायची. पुढे ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. मरळ मासे हवा घ्यायला तासात किती वेळा पाण्यावर येतात, हे ती महिन्यामहिन्याने टिपून ठेवायची. थंडीत क्वचित येत, उन्हाळ्यात सारखे.

नव्वदच्या दशकातला तो मे महिना. देवनहळ्ळीजवळचं ज्या तळ्यावर ती या नोंदी करायची, ते बुजवून प्लॉट पाडणार होते. "मिळतील तेवढे मासे घरी आणू," अक्का म्हणाली.

मॅजेस्टिक बसस्टँडहून सकाळची पहिली बस धरली. तिकडे जाणार असाल तर तुम्हीही लवकर निघा, दहानंतर ऊन सोसवत नाही. किल्ल्याजवळ गरम इडल्या खाल्ल्या, मग द्राक्षमळ्यांमधून पायी. तळ्यात चिखलच उरला होता. मुनियप्पा कोळ्याने चार मरळ काढून दिले. अक्का त्याच्याशी बोलत होती, तोवर मी बरोबर आणलेला मोठा डबा पाण्याने काठोकाठ भरला, मासे आत सोडले आणि भोकांचं झाकण लावलं. जानेवारीत दोन मासे तसेच सुखरूप आणले होते. बिचाऱ्यांना भरपूर पाणी मिळावं, एवढंच माझ्या मनात.

परतीच्या बसमध्ये झाकणावर आतून धडका बसत होत्या. यलहंका आलं आणि त्या थांबल्या.

"झोपले वाटतं," मी म्हणाले.

अक्काचा चेहरा उतरला. "पाणी कुठवर भरलंस?"

"काठापर्यंत. जानेवारीसारखं."

"अगं, हा मे आहे! आता त्यांना हवेसाठी घडीघडी वर यावं लागतं, आणि झाकणाखाली हवेला जागाच नाही. बुडतायत ते!"

"मासे बुडतात?" मागचे गृहस्थ हसले.

अक्काने झाकण उघडलं. मी जेवणाच्या डब्याने पाणी खिडकीबाहेर फेकू लागले.

"काय अम्मा, बस धुवायला काढलीत?" कंडक्टर ओरडला.

"स्वल्प थांबा अण्णा, जीव चाललाय यांचा!" अक्का म्हणाली.

त्याने शिट्टी वाजवली. बस थांबली. हसणारे गृहस्थही वाकून बघू लागले. पाणी निम्मं झालं तरी काही हललं नाही. मग एक तोंड वर आलं. टप्प. मग दुसरं. फार वेळाने तिसरं. चौथं आलंच नाही.

त्या तळ्याचा आकारही आता मला आठवत नाही. झाकणाखालची शांतता आठवते. मी तिला विसावा समजले होते.

"चूक माझी," घरी आल्यावर मी म्हणाले.

"जानेवारीत काठोकाठ भर म्हणणारी मीच," अक्का म्हणाली. तिने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "दोन आपल्या हौदात सोड. तिसरा कॉलेजच्या टाकीला. चौथा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून माझ्या वर्गातल्या मुलांना बघायला दे. चिठ्ठीवर महिना लिही, कशाने गेला ते लिही, आणि खाली आपली दोघींची नावं."