हौशीरामची भुयारं

जुन्नरच्या स्टँडवर एसटी थांबली आणि तिच्यातून गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली आणि तोंडावर 'आता काय बघायचं' असा भाव घेऊन कुणी उतरलं, की पानाच्या टपरीवरून हौशीराम उठायचा.

"पावणं, पयल्यांदाच आलाय नव्हं?"

पहिल्यांदा आलेला माणूस त्याला चालीवरून कळायचा. दुसऱ्यांदा येणारे सहसा त्याला चुकवून रिक्षात बसत.

आठवड्याचे सहा दिवस हौशीराम जुन्नर-नारायणगाव वडापची जीप चालवायचा. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा बसवून वर अठराव्याला 'जागा हाय की' म्हणणारा माणूस. रविवारी मात्र तो गाईड. कुठलं कार्ड नाही, बिल्ला नाही. आठवीत दोनदा गटांगळी खाल्लेली, तीही इतिहासातच. पण एकदा शाळा सुटली आणि इतिहास त्याच्या हाती मोकळा सापडला, तसा त्याने त्याचा सूडच घेतला म्हणा ना.

पाहुण्यांना काय दाखवायचं याचा क्रम ठरलेला. ऊन चढायच्या आत शिवनेरी. शिवाईच्या देवळात दम खायचा, वर गेल्यावर गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी, मग बादामी तलाव, कडेलोटाच्या टोकाला पाहुण्यांचा फोटो. शिवजन्माच्या जागी हौशीराम चपला काढून, डोकं टेकवून मुकाट उभा राहायचा. तिथल्या तारखा पोराटोरांना पाठ असतात, एक जरी इकडची तिकडे झाली तर लोक गडावरून ढकलून देतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुपारी लेण्याद्री. तीनशेच्या वर पायऱ्या चढून पाहुण्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, की त्याची जीभ सुटायची. 'माकडांपासून पिशवी सांभाळा' एवढं एकच तिथलं त्याचं वाक्य शंभर टक्के खरं. गिरिजात्मजाची पाठच का दिसते, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "रोज सकाळपास्नं रडगाणी ऐकायची म्हंजी काय खायचं काम हाय का, राव? तुमी असता तर पळूनच गेला असता." लोक हसायचे आणि हळूच कान पकडायचे.

पण त्याचं खरं कसब होतं भुयारात.

गड बघायला आलेल्या माणसाला बाकी काही कळो न कळो, एक प्रश्न तो विचारतोच, की इथून भुयार कुठं निघतं? टाक्याजवळच्या एका काळ्या भोकात डोकावून हा प्रश्न आला, की हौशीराम आधी पाहुण्यालाच विचारायचा, "तुमी कुठलं म्हनायचं?" पाहुणा नगरचा असला तर भुयार नगरला निघायचं. सातारचा असला तर साताऱ्याला. एकदा नागपूरचं एक कुटुंब आलं होतं, तेव्हा मात्र तो जरा घुटमळला. पण अतिथीला नाराज कसं करायचं? नेलं नागपूरला. शिवनेरीखालून एवढी भुयारं गेलेली होती, की गड अजून उभा कसा, याचंच नवल.

त्याची बायको कुशाबाई याला 'थापाडेपणा' एवढा साधा शब्द वापरायची. मुलगी अश्विनी लहानपणी सगळ्या गोष्टी तोंडपाठ म्हणायची. पुढे ती जुन्नरच्याच कॉलेजात इतिहास घेऊन बीए झाली आणि बापाशी जेवताना भांडायला लागली. "बाबा, लोकांना खोटं का सांगता?" "आगं, लोकांना खरं घरी कमी हाय का?" हे त्याचं उत्तर.

थापा मारून कुणाचं वाईट झालं नव्हतं, असं तो म्हणायचा. ते अगदी खरं नव्हतं. अश्विनीची दोन स्थळं त्याच्या तोंडापायी गेली होती. एका वरबापाला त्याने, तुमचं आडनाव मूळचं आमच्याकडच्या पाणी वाहणाऱ्या पखालजीचं, असं भर बैठकीत पटवून दिलं होतं. दुसऱ्याला काय सांगितलं होतं ते कुशाबाई अजूनही कुणाला सांगत नाही.

मग दोन हजार चार सालच्या माघात तिसरं स्थळ आलं. महाळुंगे पडवळचे सयाजी गुरुजी, शाळेतून नुकतेच निवृत्त. मुलगा भरत चाकणला कंपनीत. नारायणगावच्या एका लग्नात अश्विनीने त्याला पाहिलं होतं, दोघं चार शब्द बोललेही होते. आईजवळ ती सरळ म्हणाली, "हे स्थळ मला पाहिजे." कुशाबाईने आयुष्यात पहिल्यांदा पोरीला काहीतरी मागताना ऐकलं. तिने नवऱ्याला चुलीपुढे बसवलं.

"हे बगा. मुलीकडची बाजू हाय. ते म्हनत्याल दिवस, तर दिवस. रात, तर रात. तुमी मान हलवायची. तोंड उघडलं तर मी म्हायेरला चालली."

हौशीरामने शपथ घेतली. मध्यस्थ संपतने त्याचा धंदा 'जीप आहे' एवढाच सांगितला होता. गाईडचं नाव काढायचं नाही, असं ठरलं.

गुरुजींकडून निरोप आला, की सकाळीच येतो. आधी जुन्नर बघू, मग मुलगी बघू. सोबत भरत आणि गुरुजींची थोरली बहीण सारजाबाई. पन्नास कोसांवरचे लोक शिवनेरी बघून गेले, पण जवळच्या सारजाबाईने जन्मात गड चढला नव्हता. जवळचं कोण बघतं? शेतातली कामं आटपून जायचं म्हणता म्हणता तिचे दात पडले.

तर रविवारी सकाळी हौशीराम त्यांना घेऊन शिवनेरीला निघाला, तोंडात सुपारीचं खांड धरून, म्हणजे तोंड उघडायलाच नको. पायऱ्या लागल्या आणि गुरुजी बोलायला लागले. हा कुठला दरवाजा, तो कुणी बांधला, ह्या कोठारात काय साठवायचे. अर्धं चूक होतं. हौशीरामच्या घशाशी दुरुस्त्या येत होत्या आणि तो त्या सुपारीबरोबर गिळत होता. "बराबर हाय, गुरुजी. अगदी बराबर." थापा मारणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं चुकलेलं किती टोचतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

टाक्याजवळ आल्यावर गुरुजींनी हातातली काठी काळ्या भोकाकडे रोखली.

"ताई, बघून घे. ह्ये भुयार. कुठं निघतंय म्हायती हाय का? आपल्या महाळुंग्याला. देवळाच्या मागं."

हौशीरामच्या तोंडातलं खांड घशात गेलं. तो खोकायला लागला. भरतने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"एक्क्याण्णव साली शाळेची सहल आणली व्हती मी," गुरुजी सांगत होते. "हितं एक गाईड भेटला. काडीपैलवान, मोठ्या मिशा. पण काय ज्ञान त्याचं! त्यानं सांगितलं. मी जागेवर वहीत उतरवून घेतलं. तेरा वर्सं पोरांना शिकवलं. आमच्या भरतनं त्याच्यावर भाषण केलं, घोडेगावला पयला नंबर आला. असा मानूस पुन्हा भेटला तर पाया पडीन मी."

हौशीरामच्या मिशा कधीच गेल्या होत्या आणि पोट आलं होतं. आयुष्यात कुणी त्याला ज्ञानी म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा म्हटलं, तेही त्याच्या तोंडावर, आणि त्याला 'तो मीच' म्हणायची चोरी.

"बराबर हाय, गुरुजी," तो म्हणाला.

"तुमी मोजकं बोलता, हे मला आवडलं," गुरुजी म्हणाले.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर त्याला पुढचं कळलं. भुयाराचं तोंड शोधायला गुरुजींनी श्रमदान काढलं होतं. दोन रविवार देवळामागे खणलं. "आनि सापडलं का?" हौशीरामला राहवलं नाही. गुरुजींऐवजी भरतच बोलला, "साळिंदर सापडलं. तिघांच्या पायात काटे घुसले." गुरुजी म्हणाले, "दिशा चुकली. ह्या उन्हाळ्यात जेसीबी लावनार हाय." हौशीरामला त्या साळिंदराच्या बिळात शिरून बसावंसं वाटलं.

दुपारी सगळे घरी आले. पाय धुणं झालं. ताटात नारळ, हळदकुंकू, सुपारी मांडून ठेवलेली. पसंती झाली की सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं. संपतने कुशाबाईला डोळ्यांनी सांगितलं, की सगळं झ्याक चाललंय. अश्विनी पोहे घेऊन आली, दिले, खुर्चीवर बसली. सारजाबाईने नाव विचारलं, भाकरी येती का विचारलं. मग गुरुजींनी चष्मा पुसला. मास्तराच्या घरची सून म्हणजे तोंडी परीक्षा आलीच.

"इतिहास घेतलावतास म्हनं. मग सांग बरं, शिवनेरीचं भुयार कुठं निघतं?"

अश्विनीने बापाकडे पाहिलं. पाहुणे कुठल्या गावचे ते तिला ठाऊक होतं, बापाचा थापांचा कारखानाही ठाऊक होता. उत्तर काय अपेक्षित आहे, हे ओळखायला तिला बीए व्हायची गरज नव्हती. गुरुजींच्या मागे उभा राहून हौशीराम ओठांनी 'महाळुंगे, महाळुंगे' करत होता. कुशाबाईने पदर दातात धरला होता.

"असं भुयार नाही, गुरुजी," अश्विनी म्हणाली. "पाण्याची टाकी आहेत ती. डोंगर फोडून दुसऱ्या गावाला जाणारं भुयार तिथं नाहीच."

मुलीकडच्या बाजूने, त्यातही खुद्द मुलीने, बघायच्या कार्यक्रमात वरबापाला खोटं पाडलं होतं. सारजाबाई म्हणाली, "आता गं बया."

गुरुजींचा चेहरा तांबडा झाला. "मला जाणकार मानसानं सांगितलंय. तेरा वर्सं शिकवलंय मी." मग ते हौशीरामकडे वळले. "तुमी हितलेच. तुमी सांगा. तुमची पोरगी बरोबर, का मी?"

सोपं होतं. 'पोरगी चुकली, गुरुजी, लहान हाय' एवढं म्हटलं की सुपारी फुटली. दिवसभर शंभरदा 'बराबर हाय' म्हटलं होतं, आणखी एकदा म्हणायचं. थाप मारायला जीभ कधी अडली नव्हती त्याची. त्याने अश्विनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तिला हे स्थळ हवं होतं. तरी ती खरं बोलली होती. हौशीरामला लेकीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज, दोन्ही एकदम.

"पोरगी बराबर हाय," तो म्हणाला. "तो गाईड म्हंजी मी, गुरुजी. तवा मिशा व्हत्या. ज्या गावचा पावना, त्या गावाला मी भुयार काढतो. तुमी महाळुंग्याचं, म्हनून महाळुंग्याला काढलं."

गुरुजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "चला," ते म्हणाले, आणि उठले. कुशाबाई रडायला लागली. अश्विनी आत गेली. भरत दारातून दोनदा मागे वळून बघत बाहेर पडला. सुपारी ताटात तशीच राहिली.

आता रुसून निघालेल्या पाहुण्यांची एक पंचाईत असते. त्यांना जायला गाडी लागते. दुपारची एसटी गेली होती, आणि नारायणगावपर्यंत न्यायला हौशीरामच्या जीपशिवाय काही नव्हतं. रुसवा कितीही असला तरी मानाची जागा पुढची, म्हणून गुरुजी हौशीरामच्या शेजारीच बसले. दोघंही समोरची काच बघत चार-पाच किलोमीटर गेले.

"बोरी बुद्रुकची मानसं आल्यावर काय सांगायचा?" गुरुजींनी काचेलाच विचारलं.

"बोरीला निघतं म्हनून."

"मुंबैची आली तर?"

"पार गेटवेपत्तर."

"आनि लोकं ऐकून घ्यायची?"

"खूश व्हायची, गुरुजी. तुमीबी झालावता."

मागे कुणीतरी हसू दाबलं. भरतच असणार. हौशीरामने मनाशी ठरवून टाकलं, की स्टँडवर सोडायचं, हात जोडायचे, घरी जायचं आणि पोरीपुढे उभं कसं राहायचं ते वाटेत ठरवायचं.

"चाळीस पोरं खणत व्हती," गुरुजी एकदम बोलले. "चार मास्तर, एक सरपंच. सगळा गाव बघाया यायचा. तेरा वर्सांत एकानं म्हनलं न्हाई, की गुरुजी, ही थाप हाय. सगळी म्हनायची, बराबर हाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आज बघायच्या खुर्चीवर बसून तुमच्या पोरीनं सांगितलं."

हौशीरामने वळणावर गिअर बदलला.

"गाडी वळवा," गुरुजी म्हणाले.

त्याने ती वळवली. एवढ्या घाईने, की जीप एकदा शेतात उतरून परत रस्त्यावर आली. सारजाबाई मागून म्हणाली, आता पोहे गार झाले असतील. वाटेत कडेला एक पडकी बारव लागली. गुरुजींनी काठीने तिकडे दाखवलं आणि विचारलं, ही कुणाच्या काळातली. त्या बारवेबद्दल हौशीरामकडे एक फर्स्टक्लास गोष्ट होती.

"मला म्हायती न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "अश्विनीला विचारू."