सावदा ते देवपूर, मांडीवर केळीचा घड घेऊन

चूक माझीच होती. साल अठ्ठ्याऐंशी, सावद्याच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. पंधरा ऑगस्टला गावातल्या एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचा सत्कार करू, असं हेडमास्तर म्हणाले आणि मी फुशारकीने सांगून बसले, "आमचे नाना आहेत की!" बेचाळीसच्या चळवळीत माझ्या वडिलांनी पत्रकं पोचवली होती, एवढंच मला आईकडून माहीत होतं. नाना स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मला तो त्यांचा साधेपणा वाटायचा.

हेडमास्तरांची अट एकच होती. त्या काळी बरोबर काम केलेल्या कुणाची तरी चिठ्ठी आणायची, ती समारंभात वाचून दाखवायची.

घरी सांगितलं तर नानांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. मग म्हणाले, "धुळ्याले देवपुरात आबा हाये, तवा पत्रकं त्याच्याकडेच जायची. त्याच्याकडे जाऊ. तो लिहील ते वाचा." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला काही कळेना.

पहाटे बागेत जाऊन त्यांनी एक कच्चा घड कापला, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळला आणि आम्ही सकाळची जळगाव एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. नाना ऐकतात होय! सहा फण्यांचा घड मांडीवर घेऊन बसले. भुसावळपर्यंत माझ्या गुडघ्यांनाही त्याचा धाक होता.

तुम्ही हा रस्ता करणार असाल तर एक सांगते, जळगावच्या स्टँडवर पोटभर खाऊन घ्या. पुढे एरंडोल-पारोळा रस्त्याला तेव्हा इतके खड्डे होते की खाल्लेलं जिरायला वेगळं चालावं लागत नसे. मी घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. नानांनी घासही घेतला नाही.

पारोळा सोडल्यावर ते एकदम बोलायला लागले. बाहेर कपाशीकडे बघत, माझ्याकडे नाही.

"तवा रेल्वेनं जायचो, चाळीसगावावरून. पत्रकं या पानांच्या आत. धुळे स्टेशनावर एका शिपायानं घड उचलला अन् खाली आदळला. मी वरडलो, हळू, दबेल! सवयच तशी. तो म्हने, कच्च्या केळीची एवढी काळजी? कुनाकडे चालला? मले इतकं भेव वाटलं की मी आबाचं नाव सांगून टाकलं."

"मग?"

"मले सोडलं, पानं उघडलीच नाहीत. आबाच्या घरावर पाळत बसली अन् चौथ्या दिवशी त्याले धरलं."

एसटी गचके खात होती. केळीवाल्याच्या घरात वाढलेय मी. फळ कुणी आदळलं तर आमच्या तोंडून आधी ओरडाच निघतो, समोर कोण आहे ते नंतर दिसतं. पण आबांना हे कसं पटणार? त्यांनी चिठ्ठीत 'फितूर' लिहिलं तर? आणि ती अख्ख्या गावासमोर, माझ्याच वर्गातल्या मुलांसमोर वाचली जाणार! "नाना, आपण परत जाऊ," मी म्हणाले. खरंच म्हणाले. त्यांनी मान हलवली. "नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं भेलो. आता पुरे."

धुळ्याला उतरून रिक्षा केली. पांझरेच्या पुलावर नानांनी घड इतका घट्ट आवळला की वाळकी पानं वाजली. नदी गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत होती. मला ते बघवेना.

आबांचं घर दोन खोल्यांचं होतं. आबा खाटेवर, डोळ्यांना कमी दिसणारे. नानांनी घड त्यांच्या पायाशी ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "आबा, तुमचं नाव म्या सांगितलं होतं."

आबांनी चाचपून पानं ओळखली आणि अहिराणीत म्हणाले, "माले ठाउक शे. त्या शिपाईनीच सांगं व्हतं." मग म्हणाले, "बठ ना. कसाले उभा शे?"

चहा झाला. मी चिठ्ठीचं कारण सांगितलं, अगदी हळू आवाजात. आबांनी सुनेला कागद-पेन आणायला सांगितलं, आम्हाला ओसरीवर पाठवलं आणि आतून काहीतरी लिहवून घेतलं. पाकीट डिंकाने बंद करून माझ्या हातात दिलं. "समारंभातच फोडजो, बेटा."

परतीचा प्रवास मी कसा केला ते विचारू नका. पर्समध्ये जणू विंचू ठेवला होता. दोनदा पाकीट उजेडात धरून पाहिलं, अक्षर लागलं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला. नाना खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. हेडमास्तरांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले:

"या माणसाच्या तोंडून माझं नाव गेलं आणि मी तुरुंगात गेलो. हे खरं आहे." मी डोळे मिटले. "मी आत असताना हा तीनदा माझ्या आईकडे आला. धुळ्याच्या अलीकडच्या स्टेशनावर उतरून पायी. दर वेळी घडात पत्रकं होती, आईने ती वाटली. आमच्या घरावर पोलिसांची नजर आहे, हे त्याला ठाऊक होतं. आई सांगायची, पोरगा उभा थरथरत होता. मलाही भीती वाटायची, सगळ्यांनाच वाटायची. हा घाबरत आला, पण आला. इंग्रज गेले ते अशांमुळे."

टाळ्या वाजल्या तेव्हा मी रडत होते. घरी आल्यावर नानांना विचारलं, "हे मला का नाही सांगितलं?"

"ते कुठे काम होतं? माफी मागाले जायचो. तोंड उघडत नव्हतं. अन् रिकाम्या हातानं कसं जायचं कुनाकडे?"

त्यानंतर किती गावं फिरले, पण इतकी भीती कुठल्याच वाटेवर वाटली नाही. आणि साम्राज्यं कशी जातात, हे वर्गात शिकवताना मी भाषणांच्या आधी त्या घडाची गोष्ट सांगते.

पुढच्याच आठवड्यात नाना एकटे देवपूरला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. कंडक्टरने घड उचलून दाराशी आदळला.

"हळू, दबेल!" नाना ओरडले.

"एवढी काळजी? कुणाकडे चाललाय, नाना?"

नानांनी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात आबांचं नाव सांगितलं.